स्प्रिंग, सीओटू की पीसीपी? किनाऱ्यावरच्या घरासाठी एअर गन निवडताना

हा या आठवड्याच्या भागाचा लिहून काढलेला मजकूर. बोलताना जिथे अडखळलो, जिथे मागे कोंबडा आरवला, ते सगळं कापलंय. आकडे मात्र नीट मांडून घातलेत, कारण ऐकताना आकडे निसटतात. एसटीत रेंज जाते अशी तुमची नेहमीची तक्रार असते, तर हे सेव्ह करून ठेवा.

गेल्या महिन्यात देवगडहून एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. बारावी झालीय, १० मीटर एअर रायफल शिकायचीय, घरची लांबलचक पडवी सरावाला मिळणार आहे. प्रश्न एकच: "दादा, स्प्रिंगची घेऊ, गॅसची घेऊ की पीसीपी? जास्त पॉवर कशात?"

असा प्रश्न आता बऱ्याच जणांना पडतो. १ ऑगस्ट २०२४ ला स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकचं कांस्यपदक घेतलं. त्याचं कांबळवाडी गाव राधानगरी तालुक्यातलं. म्हणजे आपण कणकवलीहून फोंडा घाट चढलो की त्याचाच तालुका लागतो. एवढ्या जवळचा माणूस ऑलिंपिकला उभा राहिला की आपल्या पोरांनाही वाटणारच. फक्त एक लक्षात ठेवा. त्याचं पदक ५० मीटरचं आहे आणि ती रायफल .२२ ची, खऱ्या काडतुसाची. ती घरात होत नाही. घरात होते ती १० मीटरची एअर रायफल किंवा एअर पिस्तूल. आपल्या महाराष्ट्राचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोला जगज्जेता झाला तो याच १० मीटर एअर रायफलमध्ये.

आधी "पॉवर" हा शब्द बाजूला ठेवू

१० मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा जो ठिपका असतो, त्याचा व्यास किती? ०.५ मिलिमीटर. पेनाच्या टोकाएवढा. आणि छर्रा असतो ४.५ मिमीचा. म्हणजे त्या ठिपक्यापेक्षा छर्राच नऊ पट रुंद.

हे टिपायला जगातले सर्वोत्तम नेमबाज जी रायफल वापरतात, तिचा छर्रा सेकंदाला साधारण १७० ते १७५ मीटर जातो. ऊर्जा साडेसात जूलच्या आसपास. कागदाला स्वच्छ भोक पडायला तेवढी पुरते.

आता कायद्याचं बघा. शस्त्र नियम २०१६ नुसार एअर गनची नळी ४.५ मिमी म्हणजे .१७७ च्या आत आणि ऊर्जा २० जूलच्या आत असेल तर परवाना लागत नाही. त्यातली एक जरी मर्यादा ओलांडली तर लागतो. .२२ ची, म्हणजे ५.५ मिमीची एअर गन त्यामुळेच परवान्याच्या बाजूला जाते. म्हणजे ऑलिंपिकची रायफल बिनपरवान्याच्या मर्यादेच्या निम्म्याहूनही खाली आहे.

मग खोक्यावर जे "१००० एफपीएस", "१२०० एफपीएस" छापलेलं असतं, ते काय? गणित करूया. १००० एफपीएस म्हणजे सेकंदाला ३०५ मीटर. नेहमीचा शिशाचा छर्रा अर्ध्या ग्रॅमचा धरा. ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. उत्तर येतं २३ जूल. म्हणजे एक तर ती गन मर्यादेच्या बाहेर आहे, नाहीतर तो आकडा हलक्या धातूच्या छर्ऱ्यावर मोजलेला आहे. दोन्ही बाबतींत तो आकडा आपल्या कामाचा नाही. दुकानदाराला वेग विचारू नका. ऊर्जा किती जूल आणि कोणत्या वजनाच्या छर्ऱ्यावर मोजली, ते विचारा. आणि बिलावर लिहून घ्या.

मग निवडायचं कशावरून? मी सांगतो तो निकष साधा आहे. आपल्या गावात, भर जुलैत, जी गन सुरक्षितपणे पुन्हा भरता येते आणि गंजू न देता ठेवता येते, ती आपली. आता एकेक प्रकार या निकषावर घासून बघू.

स्प्रिंग: कुणावर अवलंबून नाही, पण लाड चालत नाहीत

नळी मोडून खाली ओढायची, आत एक जाड स्प्रिंग दाबली जाते. ट्रिगर दाबला की स्प्रिंग पिस्टनला पुढे फेकते, पिस्टन पुढची हवा चेपतो आणि ती चेपलेली हवा छर्ऱ्याला ढकलते. टाकी नाही, कॅप्सूल नाही, वीज नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात आपल्याकडे कित्येक गावांत दिवसच्या दिवस वीज नव्हती. स्प्रिंगच्या गनला त्यानं काहीही फरक पडला नसता.

पण तिच्या तीन गोष्टी माहीत हव्यात.

पहिली, धक्का. स्प्रिंग सुटली की गन आधी मागे येते, मग पिस्टन टोकाला आपटला की पुढे जाते. हे दोन्ही धक्के छर्रा नळीत असतानाच बसतात. म्हणून ती घट्ट आवळून धरली की निशाण उलट बिघडतं. तळहातावर नुसती टेकवायची आणि दर वेळी अगदी त्याच जागी टेकवायची.

दुसरी, रिकामी कधीच उडवायची नाही. समोर छर्रा असतो म्हणून हवेची गादी तयार होते आणि पिस्टन हळू थांबतो. छर्रा नसेल तर पिस्टन थेट लोखंडावर आदळतो. चार मित्र आले, प्रत्येकानं "बघू बघू" म्हणत रिकामा चाप ओढला, की सील गेलंच समजा. ओढून तयार करून तशीच तासभर ठेवणंही वाईट, स्प्रिंग मरते.

तिसरी, तेल. आपल्याकडे खारं वारं, म्हणून माणूस काय करतो? नळीत तेल ओततो. ते तेल चेंबरमध्ये उतरतं. मग गन उडवली की भलताच मोठा आवाज आणि नळीतून धूर. याला डिझेलिंग म्हणतात, आणि नाव अगदी बरोबर आहे. डिझेल इंजिनला स्पार्क प्लग नसतो हे ट्रॉलरवरच्या कुणालाही विचारा. हवा जोरात चेपली की ती इतकी तापते की डिझेल आपोआप पेटतं. तुमच्या गनमध्ये तेच होतं. छर्रा कुठेही जातो, सील जळतं, स्प्रिंगची वाट लागते. बाहेरच्या लोखंडावर तेलाचं फडकं फिरवा, दर वापरानंतर फिरवा, पण चेंबरमध्ये तेल नको. हे डिझेलिंग डोक्यात ठेवा, पुढे परत लागणार आहे.

गॅस रॅम किंवा नायट्रो पिस्टन म्हणून जी मिळते, ती याच घरातली. स्प्रिंगच्या जागी सीलबंद नळकांड्यात नायट्रोजन असतो. तो स्प्रिंगसारखा थकत नाही, थरथर कमी. पण पिस्टन तोच, धक्का तोच, रिकामी उडवायची मनाई तीच. गॅस गळाला तर आख्खं नळकांडं बदलावं लागतं, घरी दुरुस्ती नाही.

सीओटू: पिस्तुलाला सोपं, मे महिन्याला वाईट

सीओटूच्या पिस्तुलात १२ ग्रॅमची छोटी कॅप्सूल बसते. आत द्रवरूप कार्बन डायऑक्साइड. थोडा गॅस बाहेर गेला की द्रवातून नवा गॅस तयार होतो, म्हणून दाब बराच वेळ टिकतो. पंप नको, मेहनत नको.

अडचण तापमानाची. २० अंशाला त्या कॅप्सूलमधला दाब साधारण ५७ बार असतो, ३० अंशाला ७२ बार. आणि ३१ अंशाच्या वर तर आत द्रव असा उरतच नाही, मग तापमानाबरोबर दाब झपाझप चढतो. आपल्याकडे डिसेंबरची पहाट आणि मे महिन्याची दुपार आठवा. त्याच गनचा छर्रा दोन ठिकाणी लागणार. वर भराभर गोळ्या मारल्या की गॅस गार पडतो आणि वेग उतरतो.

एकेकाळी मोठ्या स्पर्धांमध्येही सीओटूच्या रायफली होत्या. पुढे दाबलेली हवा आली आणि सीओटू मागे पडला, त्यात या तापमानाच्या लहरीचा मोठा वाटा आहे. घरी मजेसाठी पिस्तूल हवं तर ठीक. पण कॅप्सूल संपली की पुन्हा मागवायची, आणि भरलेली कॅप्सूल उन्हातल्या गाडीच्या डॅशबोर्डवर विसरायची नाही. ते खेळणं नाही, दाबाचं भांडं आहे.

पीसीपी: उत्तम, पण हवा आणणार कुठून?

पीसीपी म्हणजे आधीच दाबून भरलेली हवा. रायफलीखाली एक छोटा सिलिंडर, त्यात साधारण २०० बार दाब. ट्रिगर ओढला की झडप क्षणभर उघडते, मोजकी हवा सुटते, छर्रा जातो. आत आदळणारं जड असं काहीच नाही, म्हणून धक्का जवळजवळ नाही. आजच्या सगळ्या स्पर्धेच्या रायफली अशाच.

२०० बार म्हणजे किती? गाडीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार असतात. म्हणजे टायरच्या नव्वद-शंभर पट. "पंक्चरवाल्याकडून भरून आणतो" हे म्हणूनच जमत नाही. त्याचा कॉम्प्रेसर आठ-दहा बारला थांबतो.

इथे माझी स्वतःची गोष्ट सांगतो. सांगायला लाज वाटते, पण सांगायलाच हवी.

काही वर्षांपूर्वी मी एक जुनी पीसीपी सेकंड हँड घेतली. विकणाऱ्यानं सोबत दोन-तीन जोडण्या दिल्या आणि म्हणाला, कुठलाही हाय प्रेशर सिलिंडर चालतो, हवा ती हवाच. मला ते पटलं. बोटींची दुरुस्ती होते अशा एका वर्कशॉपमध्ये वेल्डिंगची ऑक्सिजनची काळी टाकी उभी असते, हे माहीत होतं. गेलो रायफलचा सिलिंडर घेऊन. म्हटलं, काका, जरा एवढा भरून द्या.

काकांनी सिलिंडर हातात घेतला, झडपेवर बोट फिरवलं, बोटाला लागलेलं ग्रीस मला दाखवलं. मग टाकीवरच्या दाबाच्या घड्याळाकडे बोट केलं. त्यावर इंग्रजीत लिहिलेलं असतं, यूज नो ऑइल. म्हणाले, "अरे खुळ्या, तेलाचो हात ह्येका लागलो तर मी पोरांका मारतंय, नि तू ह्या बंदुकीत भरतलंस? ती गालाक लावतत मा?"

गालाला लावतात ना, एवढंच विचारलं. मी तसाच परत आलो.

नंतर वाचून कळलं की काका शंभर टक्के बरोबर होते. मघाचं डिझेलिंग आठवा. तिथे साधी हवा होती, म्हणजे पाचात एक भाग ऑक्सिजन, आणि तरी तेल पेटलं. इथे टाकीत जवळजवळ निव्वळ ऑक्सिजन, दीडशे बारच्या घरात. झडप उघडली की तो छोट्या बंद सिलिंडरमध्ये धाडकन घुसतो, टोकाला चेपला जातो, तापतो. वाटेत ग्रीस आहे, रबरी सील आहे. शुद्ध ऑक्सिजनमध्ये ते पेटतात, आणि एकदा पेटले की ॲल्युमिनियमसारखा धातूसुद्धा जळू शकतो. भरताना नाही झालं, तर पुढे गाल टेकवलेला असताना, झडप उघडताना होऊ शकतं.

म्हणून हा भाग केला, खरं सांगायचं तर. आपल्या किनाऱ्यावर प्रत्येक बंदरात वेल्डिंगची टाकी आहे आणि आता प्रत्येक तालुक्यात दोन-चार पीसीपी आल्यात. या दोघांची गाठ पडता कामा नये. पीसीपीत ऑक्सिजन कधीही, कसाही, थोडासुद्धा भरायचा नाही. हॉस्पिटलचा नाही, वेल्डिंगचाही नाही. बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

हातपंप आणि मालवणची हवा

मग पर्याय काय? पहिला, हातपंप. सायकलच्या पंपासारखा दिसतो, पण तीन टप्प्यांत हवा चेपतो आणि २०० बारपर्यंत नेतो. रायफलचा सिलिंडर ०.२ लिटरचा धरा. १०० बारवरून २०० वर न्यायचा तर त्यात बाहेरची २० लिटर हवा कोंबावी लागते. ऐंशी-शंभर दांडे सहज होतात, शेवटचे वीस अंगाचं पाणी काढतात. मधे थांबून पंप गार होऊ द्यावा लागतो.

पण खरी अडचण घामाची नाही, दमटपणाची आहे. ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता, म्हणजे आपली रोजचीच हवा. अशा एक घनमीटर हवेत साधारण २४ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. म्हणजे २० लिटर हवेत अर्धा ग्रॅम, साधारण दहा थेंब. हवा २०० पट चेपली की ती एवढी वाफ धरू शकत नाही, जवळजवळ सगळं पाणी बाहेर पडतं. पंपाची गाळणी आणि पाणी सोडायची झडप त्यातलं काही पकडते. उरलेलं जातं तुमच्या सिलिंडरमध्ये, झडपेत, रेग्युलेटरमध्ये. दहा वेळा भरलं की चमचाभर पाण्याचा हिशोब झाला. कोरड्या गावात जो पंप वर्षानुवर्षं चालतो, तो आपल्याकडे गंज पंप करतो.

म्हणून हातपंप घेतलात तर सोबत कोरडं करणारी नळी घ्या. तिच्यात निळे किंवा नारिंगी दाणे असतात, ओल शोषली की रंग बदलतात. दर पन्नासेक दांड्यांनी पाणी सोडा. आणि शक्य असेल तर पंप मारायचं काम कोरड्या दुपारी करा, पाऊस लागलेल्या संध्याकाळी नको.

आपल्याकडे एक गोष्ट आहे जी घाटावर नाही

स्कूबा! तारकर्लीला एमटीडीसीचं स्कूबा केंद्र आहे, मालवण-देवबाग पट्ट्यात डायव्हिंगवाले आहेत. त्यांच्या टाक्यांत काय असतं? लोक म्हणतात ऑक्सिजन. नाही हो, साधी हवा असते. पण गाळलेली, तेलाचा अंश काढलेली आणि कोरडी केलेली, कारण ती माणसाच्या फुफ्फुसात जायची असते. आणि दाब? साधारण २०० बार. अगदी आपल्याला हवा तेवढा.

हिशोब बघा. नेहमीची स्कूबाची ॲल्युमिनियम टाकी आत ११ लिटरची. आपण एका वेळी तिच्यातून २० लिटर हवा घेतो, म्हणजे टाकीचा दाब दोन बारपेक्षाही कमी उतरतो. वीस वेळा भरूनही टाकी १६० बारच्या वर राहील. आणि स्पर्धेच्या रायफलीला एकदा भरल्यावर ६० छर्ऱ्यांचा सामना आणि आधीचे चाचणीचे छर्रे सहज निघतात.

पण काही अटी आहेत.

भरून घेताना साधी हवा हवीय असं स्पष्ट सांगा. डायव्हिंगमध्ये नायट्रॉक्स नावाचं मिश्रण असतं, त्यात जास्तीचा ऑक्सिजन मिसळलेला असतो. त्याच्या टाकीवर सहसा हिरवा-पिवळा पट्टा असतो. ते आपल्याला चालणार नाही.

गन घेऊन जाऊ नका. बहुतेक मॅच रायफलींचा सिलिंडर फिरवून वेगळा होतो. तेवढाच न्या. पर्यटकांच्या गर्दीत रायफल घेऊन फिरणं कुणालाच बरं दिसत नाही.

हळू भरा. घाईत भरलं की सिलिंडर तापतो, काटा २०० दाखवतो आणि घरी येईपर्यंत १८० होतो.

सिलिंडरवर कोरलेली तारीख बघा. आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या नियमात एअर सिलिंडरला बनवल्यापासून जास्तीत जास्त दहा वर्षं आयुष्य दिलंय, आणि ती जबाबदारी खेळाडूची. सेकंड हँड घेताना आधी ही तारीख बघायची, मग पॉलिश. मी नेमकं उलटं केलं होतं.

आणि स्कूबावाला नाही म्हणाला तर वाद घालू नका. त्याची टाकी, त्याची जबाबदारी. मोठी टाकी विकत आणून घरात पलंगाखाली ठेवायचा विचारही नको. तिला मान्यता लागते, ठरावीक काळानं पाण्याच्या दाबाची चाचणी लागते.

आता जुलैचा मुद्दा. समुद्र खवळला की डायव्हिंग बंद. साधारण मे अखेरीपासून ऑगस्ट अखेरपर्यंत. म्हणजे ज्या तीन महिन्यांत बाहेर काही करता येत नाही आणि घरात सराव करायला वेळ असतो, त्याच तीन महिन्यांत तुमची हवा बंद! म्हणून फक्त स्कूबावर विसंबून पीसीपी घेऊ नका. हातपंप जोडीला हवाच, किंवा ओरोस-कुडाळ-कोल्हापूरकडे जिथे शिकायला जाल, त्या रेंजवर भरून मिळतं का ते आधी विचारा.

मग त्या देवगडच्या पोराला काय सांगितलं?

सांगितलं, पहिले दोन-तीन महिने काहीच घेऊ नको. आधी रेंजवर जाऊन त्यांच्या रायफलीवर उभं राहायला शीक. आपल्याकडे शालेय आणि राज्य पातळीवर ओपन साइट आणि पीप साइट असे वेगळे प्रकार असतात. तू कशात उतरणार हे कोच ठरवेल, मग गन.

स्पर्धा करायचीच असं नक्की झालं, तर पीसीपी. त्याचं मोठं कारण तुम्हाला वाटतं ते नाही. मॅच पीसीपीत चाप कोरडा ओढायची सोय असते: छर्रा नाही, हवा नाही, फक्त ट्रिगरचा टिचका. नेमबाजांचा घरचा बराच सराव असाच चालतो. रोज अर्धा तास भिंतीवरच्या ठिपक्यावर रायफल धरायची, श्वास सोडायचा, चाप ओढायचा, आणि ओढल्यावरही दोन सेकंद तसंच उभं राहायचं. याला कुठलाच सिलिंडर लागत नाही, भर जुलैतही. स्प्रिंगच्या गनला हा सराव चालत नाही, कारण ती रिकामी उडवायची नसते.

स्पर्धा नको, घरात कागदावर नेम धरायची आवड आहे, भरायच्या कटकटी नकोत, तर मर्यादेतली, जास्त जोर नसलेली स्प्रिंगची गन. हलकी ओढावी लागते, धक्का कमी, निशाण चांगलं. सगळ्यात जास्त जोराची स्प्रिंग गन ही नवशिक्यासाठी सगळ्यात वाईट गन.

आणि "काजूच्या बागेत वांदर येतत, त्यांच्यासाठी पॉवरवाली सांग" असे मेसेज पण येतात. नुकसान किती होतं ते मला माहीत आहे, आमच्याही झाडांवर येतात. पण वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये शिकारीच्या व्याख्येत जखमी करणंही येतं. छर्ऱ्यानं वानर लगेच मरत नाही, पू होऊन पुढे मरू शकतं. त्यासाठी गन सुचवणार नाही.

पडवीतली रेंज

शेवटी जागा. नळीच्या तोंडापासून नव्हे, तुम्ही उभे राहता त्या रेषेपासून टार्गेटपर्यंत १० मीटर, आणि टार्गेटचा मध्य जमिनीपासून १.४ मीटर उंच. लोट्यापासून पडवीच्या टोकापर्यंत एवढं अंतर जुन्या घरांत निघतं. पण मधे एकही दार उघडं नको. ज्या दारातून आजी अचानक चहा घेऊन येऊ शकते, त्याला आतून कडी.

टार्गेटमागे चिऱ्याची भिंत नको, छर्रा उलटतो. जाड लाकडी पेटी, आत जुन्या गोधड्यांचे किंवा रबराचे घट्ट थर. डोळ्यांवर चष्मा, बघणाऱ्याच्याही. छर्रे शिशाचे असतात, म्हणून हात साबणानं धुतल्याशिवाय खाणं नाही आणि जमीन झाडूनं झाडण्याऐवजी ओल्या फडक्यानं पुसा. गन कुलपात, छर्रे वेगळ्या कुलपात. पावसाळ्यात रेक्झिनच्या कव्हरमध्ये महिनाभर बंद ठेवू नका, कव्हर ओल धरतं. सिलिका जेलच्या पुड्या टाकून पेटीत ठेवा आणि आठवड्यातून एकदा बाहेर काढून पुसा.

देवगडचा तो पोरगा आता रविवारी रेंजवर जातो. अजून गन घेतलेली नाही. परवा त्याचा मेसेज होता, "दादा, अर्धा तास नुसता उभा राहिलो तरी हात भरतात." म्हटलं, बरोबर चाललंय.

तुमच्या गावात कुणी पीसीपी घेतली असेल तर हा भाग त्याला पाठवा. निदान ऑक्सिजनवाला तुकडा तरी. पुढच्या भागात भेटू.